विमानांतील दुसरें आसन

विमानविद्येचा इतिहास म्हणून जे ग्रंथ लिहिले जातात ते बहुधा यंत्रकारांचे व वैमानिकांचे इतिहास असतात. कोणीं पहिलें यंत्र बांधलें, कोण किती उंच गेला, कोणीं कोणता समुद्र ओलांडला, या प्रश्नांचीं उत्तरें त्यांत तारीखवार सांपडतात. पण वैमानिकाच्या शेजारीं, पुढें किंवा मागें जें एक दुसरें आसन असतें, आणि ज्यावर बसणाऱ्यानें कांहीं करावयाचें नसून नुसतें बसावयाचें असतें, त्या आसनाचा इतिहास वेगळा असा कोणी सांगत नाहीं. कर्त्याची कथा लिहावी आणि सोबत्याची सोडून द्यावी, ही इतिहासकारांची जुनीच खोड आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही वाचकांचें लक्ष त्या दुसऱ्या आसनाकडे वेधूं इच्छितों. कारण एका माणसानें दुसऱ्यावर विश्वास किती टाकावा आणि तो विश्वास दुसऱ्यानें कसा वागवावा, या पुरातन प्रश्नाचें इतकें उघडें उदाहरण आम्हांस दुसरीकडे आढळलें नाहीं.

आमच्या वाङ्मयपरंपरेंत विमान आहे, उतारू आहेत, पण चालकाची कोणास फारशी आठवण नाहीं. लंकेहून अयोध्येस परत जातांना श्रीराम ज्या पुष्पकांत बसले तें त्यांचें स्वतःचें नव्हतें. मूळचें तें कुबेराचें. रावणानें तें बळानें हिरावून घेतलें, आणि रावणवधानंतर बिभीषणानें तें रामापुढें आणून उभें केलें. म्हणजे आजच्या भाषेंत बोलावयाचें तर श्रीराम हे एका मित्रानें देऊं केलेल्या विमानांतील उतारू होत. आणि काम झाल्यावर त्यांनीं तें मूळ धन्याकडे परत पाठविलें, हेंहि सज्जनास शोभण्यासारखेंच झालें. कालिदासानें रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत हा प्रवास वर्णिला आहे. समुद्र, जनस्थान, गोदावरी, पंचवटी, चित्रकूट, गंगायमुनांचा संगम हीं स्थळें राम सीतेस वरून दाखवीत जातो, आणि विमान त्याच्या मनास येईल त्याप्रमाणें कधीं देवांच्या, कधीं मेघांच्या, तर कधीं पक्ष्यांच्या वाटेनें चालतें. वनवासांत जी भूमि दोघांनीं पायीं तुडविली, तीच आतां त्यांस एका दृष्टिक्षेपांत दिसते. उड्डाणाचा खरा आनंद म्हणजे शेजारच्या माणसास 'तें पहा' म्हणण्याचा आनंद, हें कविकुलगुरूनें खरें विमान निघण्यापूर्वीं कित्येक शतकें ओळखलें होतें. वाल्मीकीच्या कथेंत तर सीतेच्या इच्छेवरून किष्किंधेंतील वानरस्त्रियांसहि बरोबर घेतलें जातें. पुष्पकांत वजनाचा हिशेब नव्हता. तुकोबांस न्यावयास विमान आलें अशी जी भाविकांची श्रद्धा आहे, तींतहि विमान कोण चालवीत होतें हें कोणी विचारीत नाहीं.

खऱ्या विमानाची कथा याच्या नेमकी उलट दिशेनें सुरू झाली. ता. १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंत किटी हॉकजवळच्या वाळूवर ऑर्व्हिल राइट १२ सेकंद उडाले, तेव्हां ते यंत्रावर पालथे पडून होते. दुसऱ्या माणसास तेथें जागाच नव्हती. पुढें चार वर्षांहून अधिक काळ हें असेंच चाललें. शेवटीं दुसरें आसन आलें तें मैत्रीमुळें नव्हे, तर करारामुळें. अमेरिकन सैन्याच्या संदेशवहन खात्यानें डिसेंबर १९०७ मध्यें विमानासाठीं जें मागणीपत्र काढलें, त्यांत अशी एक अट होती कीं, एकंदर ३५० पौंड वजनाचीं दोन माणसें विमानानें वाहून नेलीं पाहिजेत. युद्धाच्या कामीं एकानें यंत्र चालवावें आणि दुसऱ्यानें टेहळणी करावी, हा त्यांतील हिशेब. राइट बंधूंनीं मग पालथें निजण्याची रीत सोडून दोन बैठका बसविल्या. एंजिन एका बाजूस, वैमानिक दुसऱ्या बाजूस आणि उतारू बरोबर मध्यें, अशी त्यांनीं मांडणी केली; हेतु हा कीं, उतारू असो वा नसो, यंत्राचा तोल ढळूं नये. ज्याच्या असण्यानसण्यानें यंत्रास फरक पडूं नये असा मनुष्य, ही उतारूची पहिली शास्त्रीय व्याख्या होय. यंत्रास फरक पडत नसला तरी वैमानिकास पडतो, हें मात्र त्या मांडणींत कोठें दिसत नव्हतें.

ता. १४ मे १९०८ रोजीं किटी हॉक येथेंच राइटांचे मदतनीस कारागीर चार्ल्स फर्नास या दुसऱ्या बैठकीवर बसले. प्रथम विल्बर यांनीं त्यांस अर्धें मिनिट फिरविलें, नंतर ऑर्व्हिल यांनीं सुमारें चार मिनिटें. त्याच दिवशीं दुपारीं विल्बर एकटे उडाले, आणि यंत्र कोसळून मोडलें. ते स्वतः थोडक्यांत बचावले. मधली बैठक त्या वेळीं रिकामी होती, हें फर्नास यांचें दैव.

हें दैव चारच महिन्यांनीं दुसऱ्या एकाच्या वांट्यास आलें नाहीं. ता. १७ सप्टेंबर १९०८ रोजीं वॉशिंग्टनजवळील फोर्ट मायर येथें सैन्यापुढें चाचण्या चालू असतां ऑर्व्हिल राइट यांच्या शेजारीं लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज बसले. ते २६ वर्षांचे होते. विमानविद्येंत ते अनभिज्ञ नव्हते. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या मंडळींत राहून त्यांनीं विमानाच्या रचनेंत भाग घेतला होता, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत 'व्हाइट विंग' नांवाचें विमान स्वतः उडविलेंहि होतें. राइटांचे ते स्नेही नव्हते. प्रतिस्पर्धी मंडळींतला हा गृहस्थ आपल्या यंत्राचीं मर्में टिपून नेईल, अशी ऑर्व्हिल यांस शंका होती. पण सेल्फ्रिज हे चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांपैकीं एक, तेव्हां त्यांस बसवून घेणें भागच होतें. चौथ्या फेरीस पंख्याचें पातें तडकलें, तें एका तारेस लागून मागचें सुकाणूं निकामी झालें, आणि यंत्र नाकावर खालीं आलें. ऑर्व्हिल यांची मांडी व बरगड्या मोडल्या; सेल्फ्रिज त्याच संध्याकाळीं वारले. यंत्रविमानाच्या अपघातांत मृत्यु पावलेला जगांतील पहिला मनुष्य वैमानिक नव्हता, तर उतारू होता, ही गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं. जाणता उतारू आणि अजाण उतारू यांत जमिनीवर मोठा फरक असतो. हवेंत तो नाहींसा होतो. ज्याच्या हातीं सुकाणूं नाहीं त्याचें ज्ञान त्याला भय देऊं शकतें, तारूं शकत नाहीं.

इतकें झाल्यावर दुसरें आसन कायमचें ओस पडावयास हवें होतें. पण मनुष्यस्वभाव तसा नाहीं. विल्बर राइट त्या वेळीं फ्रान्समध्यें ल मां येथें होते. बातमी ऐकून त्यांनीं उड्डाणें थांबविलीं; परंतु चारच दिवसांनीं ते दीड तासाहून अधिक वेळ हवेंत राहिले, आणि ऑक्टोबरांत उतारू एकामागून एक येऊन त्यांच्या शेजारीं बसूं लागले. त्यांत लेऑं बोले नांवाचे एक मोटार-कारखानदार होते. विल्बर फ्रान्समध्यें आले तेव्हां यंत्र जुळवावयास जागा यांनींच आपल्या कारखान्यांत दिली होती, आणि तेथें एंजिनाच्या उकळत्या पाण्यानें विल्बर भाजले तेव्हां त्यांस सांभाळणारेहि हेच. बोले अंगानें चांगलेच स्थूल होते; त्यांचें वजन शंभर किलोंहून अधिक भरे. असा भार त्या काळच्या विमानानें उचलणें ही यंत्राची परीक्षा होती, आणि तो भार आनंदानें उचलणें ही कृतज्ञतेची. ता. ७ ऑक्टोबर रोजीं राइटांच्या यूरोपांतील प्रतिनिधीची पत्नी ईडिथ बर्ग ही झग्यास वाऱ्यानें उडूं न देण्याकरितां घोट्यांजवळ दोर बांधून सुमारें दोन मिनिटें उडून आली. सैन्याच्या करारांतून निघालेलें आसन अशा रीतीनें महिनाभरांत स्नेह्यासोबत्यांचें झालें.

स्नेहाची ही कथा सर्वत्र सुखाची नाहीं. लेऑं दलाग्रांज आणि तेरेझ पेल्तिए हीं दोघें फ्रान्समधील शिल्पकार. दलाग्रांज मूर्ति सोडून विमानाकडे वळले. ता. ८ जुलै १९०८ रोजीं इटलींतील तुरीन येथें त्यांनीं या मैत्रिणीस बरोबर घेऊन सुमारें २०० मीटर उड्डाण केलें. विमानांत बसलेल्या जगांतील पहिल्या एकदोन स्त्रियांत पेल्तिएबाईंची गणना होते. दुसऱ्या आसनावर त्यांचें समाधान झालें नाहीं. त्या स्वतः विमान चालविण्यास शिकूं लागल्या. पण ता. ४ जानेवारी १९१० रोजीं बोर्दोजवळ दलाग्रांज विमान कोसळून ठार झाले, आणि त्यानंतर बाईंनीं उडणें सोडून दिलें. त्यांच्या त्यागावर भाष्य करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, कांहीं माणसांच्या दृष्टीनें आकाश हें एका विशिष्ट सोबत्यामुळेंच आकाश असतें.

त्याच वर्षीं घडलेली दुसरी एक गोष्ट मात्र वाचतांना मन प्रसन्न होतें. राइट बंधूंचे वडील मिल्टन हे धर्मोपदेशक. एकाच अपघातांत दोघेहि मुलगे जाऊं नयेत म्हणून दोघांनीं कधीं एकत्र उडूं नये, असा त्यांचा कटाक्ष असे. ता. २५ मे १९१० रोजीं डेटनजवळच्या माळावर त्यांनीं एकदां परवानगी दिली, आणि दोघे भाऊ सुमारें सहा मिनिटें एका विमानांत बसले. त्यानंतर ऑर्व्हिल यांनीं ८१ वर्षांच्या वडिलांस शेजारीं बसवून सात मिनिटें फिरविलें. यंत्र सुमारें साडेतीनशें फुटांवर गेलें. पण म्हाताऱ्याचें म्हणणें एकच, आणखी वर ने. ज्यानें मुलांस बोट धरून चालविलें त्यानें मुलाच्या शेजारीं हात मांडीवर ठेवून बसावें, याहून दुसऱ्या आसनाचा मोठा गौरव कोणता? पण हाच म्हातारा दोघां मुलांस एकत्र उडण्यास इतके दिवस 'नाहीं' म्हणत आला होता, हेंहि ध्यानांत ठेवावें. विश्वास आणि नकार हे त्याच्या ठिकाणीं एकत्र नांदत होते.

खाजगी माणसाच्या आवांक्यांत येईल असें विमान पहिल्या महायुद्धानंतर निघालें. इ. स. १९२५ मध्यें इंग्लंडांत जेफ्री द हॅव्हिलँड यांनीं 'मॉथ' नांवाचें दोन आसनांचें हलकें विमान तयार केलें. त्याचे पंख घडी घालून मिटतां येत, त्यामुळें तें थोड्या जागेंत मावे. यांत वैमानिक मागें बसे आणि उतारू पुढें. बोलणें नळीवाटें चाले. उतारूच्या पुढें मनुष्य म्हणून कोणी नाहीं. ज्याच्या हातीं आपला जीव आहे त्याचें तोंडहि त्याला दिसत नाहीं. या विमानाच्या जोरावर ठिकठिकाणीं वैमानिकांचे क्लब निघाले. मुंबईचा क्लब जुहूस होता, ता. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जे. आर. डी. टाटा यांस भारतांतील पहिला परवाना मिळाला तो तेथेंच. इंग्लंड व भारत यांमधील अंतर एकट्यानें काटणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लाविलें होतें. इ. स. १९३० मध्यें टाटा भारतांतून निघाले आणि अस्पी इंजिनियर हा कोवळा तरुण इंग्लंडाकडून निघाला. दोघांची गांठ मिसरांत अबुकीर येथें पडली, तेव्हां एंजिनाचे प्लग नसल्यामुळें अस्पी अडकून पडला होता. टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले, आणि शर्यत अस्पीनें जिंकली. दोन्हीं विमानांतील दुसरें आसन नियमानेंच रिकामें होतें. पण त्या आसनाचा जो धर्म, तो अबुकीरच्या धुळींत पाळला गेला असें आम्हांस वाटतें.

मित्राच्या लहान विमानांतील उतारूनें लिहिलेलें सर्वांत सुंदर वर्णन कोणतें, असें कोणी विचारल्यास आम्ही कारेन ब्लिक्सेन या डॅनिश लेखिकेच्या, आफ्रिकेवरील इ. स. १९३७ च्या ग्रंथाकडे बोट दाखवूं. केनियांत नैरोबीजवळ एन्गाँगच्या डोंगरांच्या पायथ्याशीं त्यांचा कॉफीचा मळा होता. त्यांचे मित्र डेनिस फिंच हॅटन यांनीं १९३० मध्यें एक 'जिप्सी मॉथ' आणलें आणि त्यांत बसवून बाईंस त्या डोंगरांवरून, रानांतल्या म्हशींच्या व हरणांच्या कळपांवरून अनेक वेळां फिरविलें. पुढच्या आसनावर बसलें असतां आपणांस कोणी तळहातावर धरून नेत आहे असें वाटे, अशा आशयाचें त्यांनीं लिहिलें आहे. ता. १४ मे १९३१ रोजीं व्होई येथून निघतांच तें विमान कोसळून पेटलें. बाईंनीं त्या सफरींत बरोबर येण्याची इच्छा दर्शविली होती. परंतु वाटेंत रानांत मुक्काम पडेल, हाल होतील, असें सांगून मित्रानें त्यांस नेलें नाहीं. तो नकार नसता तर ग्रंथहि नसता.

पण त्या दिवशीं दुसरें आसन रिकामें नव्हतें. त्यावर फिंच हॅटन यांचा किकुयू जातीचा नोकर बसला होता, आणि तोहि धन्याबरोबर जळून मेला. पुढें जगानें शोक केला तो धन्याचा. एन्गाँगच्या डोंगरांत समाधि झाली ती धन्याची. मैत्रीण 'मी येतें' म्हणूं शकत होती, मित्र 'नको' म्हणूं शकत होता. नोकरास 'मी येत नाहीं' म्हणण्याची सोय कितपत होती? दुसऱ्या आसनावर बसणारे सर्वच स्नेही नसतात. कोणी पगारासाठीं बसतो, कोणी हुकुमानें बसतो. ज्यास नाकारण्याची मोकळीक आहे त्याच्याच बसण्यास विश्वास हें नांव शोभतें. इतरांचें बसणें ही चाकरी होय.

रिकाम्या हातांनीं बसलेला हा मनुष्य वर काय करतो? तो पाहतो, आणि पाहतां पाहतां विचार करतो. इ. स. १९३२ मध्यें रवींद्रनाथ टागोर सत्तराव्या वर्षीं विमानानें इराणास गेले. तें कांहीं मित्राचें लहान विमान नव्हतें, तर डच कंपनीचें टपालाचें व उतारूंचें विमान होतें. परंतु उतारूच्या दृष्टीचा विचार त्यांच्याइतका खोल कोणीं केलेला आम्हांस ठाऊक नाहीं. विमान जसजसें वर जातें तसतशी पंचेंद्रियांनीं ओळखलेली पृथ्वी केवळ डोळ्यांपुरती उरते आणि शेवटीं डोळ्यांसहि पुसट होते; अशा उंचीवरून जो शस्त्र टाकतो त्याला आपण कोणास मारलें हें दिसत नाहीं, म्हणून त्याचा हात कांपत नाहीं, असें त्यांनीं आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेविलें आहे. बगदादेस ब्रिटिश वायुदलाच्या धर्मोपदेशकाकडून खेड्यांवरील बाँबफेकीची हकीकत त्यांस समजली होती. सुकाणूं धरणाऱ्यास इतका विचार करावयास सवड नसते. कालिदासाच्या रामास वरून आपली ओळखीची भूमि दिसली. टागोरांस वरून ओळख नाहींशी होतांना दिसली. दोघांचेंहि पाहणें खरें आहे, आणि दोन्हीं उतारूच्या आसनावरून झालेलें आहे.

आमचे एक स्नेही हौशी वैमानिक आहेत आणि चार आसनांचें एक लहान विमान बाळगून आहेत. त्यांच्या शेजारीं बसण्याचा योग आम्हांस आला तेव्हां त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो आमच्या वजनाचा. वाण्यानें धान्य तोलावें तसे आम्ही, आमची पिशवी आणि टाकींतील इंधन यांचा त्यांनीं कागदावर हिशेब केला. पुष्पकाचा काळ गेला तो गेलाच. घाटावर ढग खालीं उतरले म्हणून दोनदां बेत रद्द झाला. तिसऱ्या खेपेस आकाश निवळ होतें. आंत बसल्यावर पट्टा कसा सोडावा, दार कसें उघडावें हें त्यांनीं आम्हांकडून करवून घेतलें, आणि मग एकच ताकीद दिली: आमच्यासमोर जें दुसरें सुकाणूं होतें त्यास हात किंवा पाय लावावयाचा नाहीं. असल्या विमानांत दोन्हीं आसनांपुढें सुकाणूं असतें आणि दोन्हीं एकमेकांस जोडलेलीं असतात. उसाचे चौकोन, विहिरींचे डोळे, नदीचें आटलेलें पात्र खालून सरकत असतां आमच्या गुडघ्यांपुढें तें सुकाणूं आपोआप हलत होतें. तें पाहतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, येथें विश्वास एकटा उतारूच टाकीत नाहीं. ज्याच्या एका धसक्यानें सर्वांचा घात होईल अशा अनभिज्ञ मनुष्यास चालत्या सुकाणूंपुढें बसविणारा वैमानिकहि तितकाच विश्वास टाकीत असतो.

कायद्यानेंहि या नात्याचें स्वरूप ओळखलें आहे. खाजगी वैमानिकाच्या परवान्यावर मोबदला घेऊन उतारू नेतां येत नाहींत, हा नियम आंतरराष्ट्रीय आहे. म्हणजे लहान खाजगी विमानांतील उतारू हा गिऱ्हाईक नव्हे. तो पाहुणा किंवा स्नेहीच असला पाहिजे. भाडें देणाऱ्यास कंपनीकडे दाद मागतां येते. पाहुण्यास यजमानाच्या सद्‌बुद्धीवांचून दुसरा आधार फारसा नसतो. ता. १६ जुलै १९९९ रोजीं धाकटे जॉन केनेडी यांनीं पत्नीस व मेहुणीस आपल्या विमानांत घेऊन न्यू जर्सीहून उड्डाण केलें. निघेपर्यंत सूर्य मावळला होता आणि हवेंत धूसरपणा होता. केवळ उपकरणांच्या आधारें विमान चालविण्याची पात्रता त्यांनीं मिळविली नव्हती. अंधाऱ्या समुद्रावर दिशेचें व तोलाचें भान सुटून विमान पाण्यांत पडलें, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. तिघेंहि गेलीं. मनाचे दोष काढण्यासाठीं आम्ही हें सांगत नाहीं. जिवलग माणसें तयार होऊन बसलीं असतां, ठरलेली वेळ टळून गेली असतां, 'आज नको' हे दोन शब्द उच्चारणें सर्वांत कठीण असतें, आणि तेच सर्वांत आवश्यक असतात. अनोळखी उतारूपेक्षां स्नेह्यास नकार देणें अवघड, हेंच या आसनाचें खरें संकट होय.

म्हणून विमानाच्या इतिहासांत धाडसाचीं जितकीं पानें आहेत, तितकीं नकाराचींहि असावयास हवीं होतीं. वृद्ध मिल्टन यांचा नकार, फिंच हॅटन यांचा आपल्या मैत्रिणीस दिलेला नकार यांच्या नोंदी तरी राहिल्या. ढग पाहून ज्यांनीं यंत्र पुन्हां छपराखालीं ढकललें आणि सोबत्यास घरीं परत पाठविलें, त्या असंख्य वैमानिकांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. कारण त्या दिवशीं कांहींच घडलें नाहीं. ज्या मैत्रींत 'चल' म्हणतां येतें ती सुखाची. पण जींत 'आज नको' म्हणतां येतें आणि ऐकणाऱ्यास तें अपमानाचें वाटत नाहीं, तिच्याच भरंवशावर मनुष्यानें जमीन सोडावी.